गॅलरीतलं चार्जिंग : इंदूरच्या घरात लिपो बॅटऱ्यांसाठी आम्ही बसवलेली व्यवस्था

थ्री-एस २२०० ही रिमोटने उडवायच्या छोट्या विद्युत विमानांची रोजच्या वापरातली लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी. तीन सेल एकापुढे एक जोडलेले, ११.१ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तास. गुणाकार केला तर २४ वॅट-तासांच्या वर ऊर्जा होते, पाव लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी. ही झाली नुसती विजेची. आतलं द्रव, प्लॅस्टिकचे पडदे आणि वेष्टन जळताना जी उष्णता निघते ती त्यावर वेगळी. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा रेग्युलेटर आपण रात्री आठवणीने बंद करतो, पण ही तळहाताएवढी वडी गादीवर, सोफ्यावर, पुस्तकांच्या कपाटात चार्ज होताना आम्ही कितीतरी घरांत पाहिली आहे. म्हणून आम्ही तिघांनी रामबागेतल्या एका घराच्या गॅलरीत चार्जिंगची कायमची जागा बांधली. ती कशी बांधली आणि तिथे दर वेळी काय करतो, ते इथे तपशिलाने लिहितो.

आमचं सगळं दोन गृहीतांवर उभं आहे. जागा बांधताना बॅटरी एक दिवस पेटणारच असं धरलं. चार्ज करताना मात्र ती पेटू द्यायची नाही असं धरून बसतो. ही दोन कामं एकमेकांच्या भरवशावर टाकता येत नाहीत. चांगला चार्जर आहे म्हणून जागेकडे दुर्लक्ष करणारे बरेच दिसतात, आणि अग्निरोधक पिशवी घेतली म्हणून आकडे न बघणारेही तितकेच.

पेटते कशी, हे आधी समजलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. लिपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट. त्याच्या वर ढकलत राहिलं तर ऋण बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये मावेनासं झालेलं लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं, कधी सुईसारखं वाढतं, आणि दोन पत्र्यांमधला पातळ पडदा भेदतं. आतल्या आत शॉर्ट होतं. साधारण ९० अंशांच्या आसपास ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर मोडायला लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पॉलिथिलीनचा पडदा वितळतो. त्यापुढे धन बाजूचं कोबाल्टचं ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतं. हा शेवटचा टप्पा नीट ध्यानात घ्यावा. ओलं पोतं टाकून किंवा हवा कोंडून ही आग गुदमरत नाही, कारण तिची हवा तिच्याच पोटात असते. आपण एवढंच करू शकतो की ज्वाला आणि उष्णता शेजारच्या वस्तूंपर्यंत पोचू द्यायची नाही.

धुराचंही तसंच. आतल्या क्षारात फ्लोरिन असतं, आणि दमटपणाशी गाठ पडली की हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. अग्निरोधक पिशवी ज्वाला काही प्रमाणात अडवते, धूर अजिबात अडवत नाही. बंद खोलीत पिशवीवर विसंबणं आम्हाला मान्य नाही.

जागा निवडताना पहिला प्रश्न हा होता की बॅटरी पेटली तर घरातली माणसं बाहेर कुठून पडतील. जुन्या इंदुरातल्या घरांत जिना लाकडी, तुळया सागवानी, आणि जिन्याखालची मोकळी जागा सगळ्यांना सोयीची वाटते. होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि १९८४ च्या आगीत तो कसा जळला ते या शहराला सांगायला नको. जिन्याखाली, दाराशी, बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग करायचं नाही. इन्व्हर्टरची बॅटरीही बहुतेकांच्या घरी जिन्याखालीच असते. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तो कोपरा दुहेरी वाईट. कूलरजवळही नको. त्याचं गवत उन्हाळ्यात सकाळी कोरडं खडखडीत असतं, ठिणगी पुरते. आम्हाला गॅलरी मिळाली. एका बाजूला दगडी भिंत, वर स्लॅब, समोर मोकळी हवा, आणि घराच्या बाजूने बंद होणारं दार. कपडे वाळत घालायची दोरी तिथून काढून दुसऱ्या टोकाला बांधली.

पेटी बांधायला सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या काँक्रीटचे, तीन ठोकळे लागले. माप ६०० बाय २०० बाय १०० मिलिमीटर, वजन प्रत्येकी सात किलोच्या आसपास. दोन ठोकळे लांबीच्या भिंती झाले. तिसरा करवतीने मधोमध कापून ३०० मिलिमीटरचे दोन तुकडे केले आणि ते दोन्ही टोकांना आत बसवले. आतली जागा ४०० बाय ३०० मिलिमीटर, उंची २००. तळाला कोटा दगडाची ६०० बाय ५०० ची फरशी. इंदुरात हा दगड घराघरांत आहे, तुकडा कुठेही मिळतो. पण उघड्या दगडावर पॅक, म्हणजे बॅटरी, ठेवू नये. थेट ज्वाला लागली की दगडाचे टवके उडतात. म्हणून फरशीवर दोन सेंटिमीटर जाडीचा कोरड्या वाळूचा थर दिला. एवढ्या जागेला चार किलो वाळू पुरते. वाळूवर एक साधी टाइल, पॅक त्या टाइलवर. असं केलं की वाळूचे कण कनेक्टरमध्ये जात नाहीत. एका टोकाच्या ठोकळ्याची वरची कड दोन सेंटिमीटर खरवडून तारांसाठी खाच केली.

वाळू बांधकामाचीच, नर्मदेची, चाळून घेतलेली. ती दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात पसरून वाळवली. हे काम टाळू नये. ओल्या वाळूची आगीवर वाफ होते, आणि ओलावा त्या विषारी वायूला हवाच असतो.

वरचं झाकण हा सगळ्यात विचार करायला लावणारा भाग. घट्ट झाकण लावलं तर वायूचा दाब वाढतो आणि पेटीचा बाँब होतो. लष्करी काडतुसांचे पत्र्याचे डबे वापरणारे त्यातलं रबराचं सील काढून टाकतात ते याचसाठी. आम्ही वर लोखंडी जाळी ठेवली आणि जाळीवर वाळू भरलेल्या दोन पातळ पॉलिथिनच्या पिशव्या, प्रत्येकी दोन किलोच्या. खालून ज्वाला आली की प्लॅस्टिक वितळतं आणि वाळू आपोआप पॅकवर पडते. पिशव्या मधोमध, दोन्ही टोकांना चार-चार बोटं मोकळी, तिथून धूर निघून जातो. ही युक्ती चालते की नाही हे नारळाच्या शेंड्या पेटवून तपासलं. पहिल्या वेळी पिशवी जाड होती, ती आक्रसली पण फाटेना. भाजी बांधून देतात तसल्या पातळ पिशवीने काम केलं. दुसरी अडचण जाळीची निघाली: भोकं बारीक असली तर वाळू अडकून राहते. बोट जाईल एवढी भोकं हवीत. पातळ पिशवी उन्हाने कडक होऊन महिन्या-दोन महिन्यांत आपसूक फाटते, म्हणून ती वरचेवर बदलतो. शेजारी दहा किलो कोरड्या वाळूची झाकलेली बादली आणि पाण्याच्या दोन बादल्या.

वीज. गॅलरीतल्या जुन्या दोन पिनी सॉकेटला अर्थिंग नव्हतं. पॉवर सप्लायच्या धातूच्या पेटीला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडी वीज पेटीवर येते आणि तिला जायला अर्थची वाट लागते. अर्थची तार ओढून तीन पिनी सॉकेट बसवलं. त्याचा स्विच आणि ६ अँपिअरचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) मुद्दाम घराच्या आत, दाराच्या बाजूला घेतला. पेटत्या पॅकवरून वाकून प्लग काढायची वेळ कुणावरही येऊ नये. महाराणी रोडवरच्या विजेच्या दुकानांत हे सगळं सामान एका फेरीत मिळतं. पॉवर सप्लाय १२ व्होल्ट १० अँपिअरचा. त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू एका बाजूला उघडे असतात, त्यावर झाकण बसवल्याशिवाय तो वापरू नये. चार्जर पेटीच्या बाहेर, एक फूट अंतरावर, स्वतःच्या टाइलवर. चार्जरही पेटू शकतो, आणि पॅक पेटला तर चार्जर वाचावा. आतल्या खोलीत, गॅलरीच्या दाराजवळ छताला धुराचा अलार्म लावला आहे.

चार्जर नवा असो वा उसना, त्याच्या आकड्यांवर लगेच विश्वास ठेवत नाही. भरलेल्या पॅकचा प्रत्येक सेल बॅलन्स प्लगच्या, म्हणजे प्रत्येक सेलची बारीक तार बाहेर आणणाऱ्या छोट्या प्लगच्या, पिनांवर मल्टिमीटरने मोजायचा आणि चार्जरच्या पडद्याशी ताडून बघायचा. इथे एक बारकावा आहे. साध्या मीटरची अचूकता अर्ध्या टक्क्याची धरली तर ४.२० व्होल्टवर ०.०२ चा फरक मीटरचाही असू शकतो. म्हणून दोन वेगळ्या मीटरांनी मोजतो. दोन्ही मीटर एक सांगत असतील आणि चार्जर त्यांच्यापेक्षा ०.०३ किंवा त्याहून जास्त फरकाने कमी दाखवत असेल, तर तो चार्जर रोज सेल जास्त भरतो आहे. नावाजलेल्या चार्जरांच्या हुबेहूब नकला बाजारात मिळतात आणि त्यांत हा दोष आम्हाला एकाहून जास्त वेळा सापडला. ज्या चार्जरात शेवटचा व्होल्टेज बदलता येतो त्यात आम्ही ४.१५ ठेवतो. उड्डाण अर्ध्या मिनिटाने कमी होत असेल, बॅटरी जास्त दिवस टिकते.

आता प्रत्यक्ष चार्ज. पॅक आधी हातात घेऊन बघायचा. सपाट टाइलवर ठेवल्यावर डुलला तर फुगला आहे. वास घ्यायचा, गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर सेल कुठेतरी फुटला आहे. कोपरे दबलेत का, तारांचं सिलिकॉन वितळलंय का, बॅलन्सच्या बारीक तारा प्लगच्या मुळाशी तुटायला आल्यात का. या तारा धरून प्लग ओढायची सवय फार जणांना असते, आणि अर्ध्या तुटलेल्या तारेने चार्जरला त्या सेलचा आकडा चुकीचा कळतो.

मग मीटर. उडवून आलेल्या चांगल्या पॅकचे सेल थोड्या विश्रांतीनंतर ३.७ च्या आसपास असतात, समजा ३.७२, ३.७१, ३.७२. एखादा ०.१ व्होल्टने खाली असेल तर त्या पॅकवर संशय घ्यायचा आणि त्याची नोंद करायची. कोणताही सेल ३.० च्या खाली असेल तर तो पॅक आम्ही चार्ज करत नाही. त्याच्याही बराच खाली गेला की ऋण बाजूचं तांबं द्रवात विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचतं. चार्जर निकेल बॅटरीच्या मोडवर टाकून व्होल्टेज वर आणायचा आणि मग लिपोवर घ्यायचा, ही युक्ती बरेच जण एकमेकांना सांगतात. ती घरात करू नये. आमच्या मते कुठेच करू नये.

जोडणीचा क्रम ठरलेला आहे. आधी चार्जर चालू. मग चार्जिंग लीडचे बनाना प्लग चार्जरमध्ये. त्यानंतर एक्सटी-६० या मुख्य कनेक्टरने पॅक, शेवटी बॅलन्स प्लग. उलटं केलं, म्हणजे लीड आधी पॅकला लावली, तर दोन उघडे बनाना प्लग हातात लोंबकळत राहतात आणि एकमेकांना शिवले की पूर्ण शॉर्ट. थ्री-एस पॅकमधून त्या क्षणी शंभराहून जास्त अँपिअर निघतात, प्लग वितळून चिकटतो आणि सोडवायला जागा उरत नाही.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी: जात, सेल, अँपिअर. आम्ही एकाने बटणं दाबायची आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं असं करतो: ‘लिपो बॅलन्स, तीन, दोन पॉइंट दोन.’ पॅकवरच्या लेबलशी जुळलं तरच पुढे. घरच्या चार्जिंगमध्ये लागणाऱ्या आगींचं मूळ फार वेळा याच तीन आकड्यांत असतं. जात चुकली, उदाहरणार्थ निकेल मेटल हायड्राइड निवडलं, तर चार्जर ४.२० ला थांबत नाही. तो व्होल्टेज शिखरावर जाऊन किंचित उतरण्याची वाट बघतो, आणि लिपोत तसं शिखर येतच नाही. विमान चालवायच्या ट्रान्समीटरमध्ये बसणारे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल ३.६ व्होल्टला भरतात. त्यांना लिपोच्या मोडवर ४.२ पर्यंत नेलं तर ते बिघडतात. पॅकवर एचव्ही, म्हणजे जास्त व्होल्टेजचा, असं लिहिलेलं असलं तरच ४.३५, एरवी कधीच नाही.

सेलचा गोंधळ जास्त फसवा. बॅलन्स प्लग न लावता चार्ज करणाऱ्याच्या पॅकवर १२.४ व्होल्ट दिसले, तर ते काय? जवळजवळ भरलेला थ्री-एस, सेलमागे ४.१३. किंवा जवळजवळ रिकामा फोर-एस, म्हणजे चार सेलचा, सेलमागे ३.१. चार्जरला नुसत्या दोन तारांवरून हे कळणं शक्य नाही. चुकून फोर-एस ठरवलं तर तो १६.८ पर्यंत नेतो, थ्री-एसच्या एका सेलला ५.६ व्होल्ट. पॅक तोवर टिकतच नाही. बॅलन्स प्लग लावलेला असेल तर चार्जर सेल मोजून सापडलेली संख्या आणि आपण सांगितलेली संख्या शेजारी दाखवतो आणि पुष्टी मागतो. तिथे न बघता बटण दाबलं की यंत्राने दिलेली शेवटची संधी गेली. बॅलन्स प्लगशिवाय घरात चार्ज करायचं नाही, ‘फक्त पाच मिनिटं’ असली तरी नाही.

अँपिअर पॅकच्या क्षमतेइतके, म्हणजे १ सी: २२०० ला २.२, १३०० ला १.३. लेबलवर ५ सी चार्जिंग लिहिलेलं असतं, आणि मैदानावर घाई असली की मोह होतो. घरात १ सी. चार्जरमध्ये दोन मर्यादाही घालून ठेवायच्या: २४०० मिलिअँपिअर-तासांच्या वर गेला की थांब, आणि ९० मिनिटांच्या वर गेला की थांब. या मर्यादा कारखान्यातून फार सैल येतात, कधी बंदच असतात. उडवून आलेल्या २२०० मध्ये साधारण १६०० ते १७०० परत जातात. २००० च्या वर जात असतील तर तुम्ही फार उशिरा उतरताय, आणि चार्जरची मर्यादा त्यावर उपाय नव्हे.

पहिली पाच मिनिटं डोळे पडद्यावरून हलवायचे नाहीत. तिन्ही सेलचे आकडे एकत्र चढायला हवेत. एक सेल पुढे पळत सुटला, बाकीचे ३.८५ ला आणि तो ४.०५ ला, तर त्याची क्षमता घटली आहे किंवा त्याचा अंतर्गत रोध वाढला आहे. थांबवायचं. चांगल्या चार्जरमध्ये हा रोध मिलिओममध्ये दिसतो. चांगल्या २२०० चे सेल आमच्याकडे ३ ते ६ मिलिओमच्या दरम्यान येतात आणि एका पॅकमधले तिन्ही जवळजवळ सारखे. एकटाच ९ किंवा १० ला गेला की पॅक निवृत्त. थंडीत हा आकडा सगळ्यांचाच वाढतो, म्हणून दर वेळी साधारण त्याच तापमानाला मोजून चिकटपट्टीवर तारखेसह लिहायचा.

त्यानंतर सेल ४.२० ला पोचेपर्यंत प्रवाह २.२ वर स्थिर, आणि पोचल्यावर हळूहळू उतरत ०.२ च्या आसपास आला की चार्जर थांबतो. सगळं मिळून तासाभराचं काम. या तासात पॅक कोमट व्हायलासुद्धा नको. १ सीला चांगल्या पॅकचं तापमान जेमतेम दोन-तीन अंश चढतं. हाताला ऊब जाणवली तर थांबवून शोध घ्यायचा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण कोविडच्या काळात घरोघर आलेले कपाळावर धरायचे थर्मामीटर या कामाचे नाहीत, ते शरीराच्या तापमानापुरतेच नीट मोजतात.

चार्ज करणारा माणूस जागेवरून हलत नाही. आंघोळ, दूध आणणं, खाली गाडी लावून येणं यातलं काही आलं तर आधी स्टॉप. आम्ही रविवारी सकाळी सहाला बसतो; पोहे-जिलबी खायला उरलेले दोघे जातात आणि येताना गॅलरीतल्यासाठी बांधून आणतात. रात्री झोपताना लावून सकाळी तयार, हा प्रकार मोबाइलसाठी असेल. मोबाइलच्या बॅटरीला स्वतःचं संरक्षक सर्किट असतं, विमानाच्या लिपोत ते नसतं. जे काही संरक्षण आहे ते चार्जरमध्ये आणि बसलेल्या माणसात.

वीज गेली तर? इंदुरात पावसाळ्यात जातेच. पॅक लगेच सोडवायचा. बंद पडलेल्या चार्जरला बॅलन्स प्लग लावून ठेवला तर काही चार्जर सेलमधून थोडी थोडी वीज ओढत राहतात, आणि दोन दिवसांनी एखादा सेल ३ च्या खाली सापडतो.

एका वेळी तीन-चार पॅक समांतर बोर्डावर लावून चार्ज करणं आम्ही घरात बंद केलं. का, त्याचा हिशेब साधा आहे. एक पॅक १२.६ वर आणि दुसरा ११.१ वर असताना बोर्डाला लावले, तर फरक दीड व्होल्ट. दोन्ही पॅक, तारा आणि कनेक्टर मिळून रोध ३० मिलिओमच्या आसपास. भागाकार केला की ५० अँपिअर, आणि ते चार्जरला न विचारता एका पॅकमधून दुसऱ्यात जातात. बॅलन्स प्लग आधी लावला तर हा प्रवाह त्या बारीक तारांतून जातो आणि त्या जळतात. ज्यांना करायचंच आहे त्यांनी सेलमागे ०.१ व्होल्टच्या आत फरक असलेले, एकाच सेलसंख्येचे पॅक घ्यावेत आणि मुख्य कनेक्टर आधी लावावा. शिवाय एक पेटला की बोर्डावरचे सगळे पेटणार, हे धरूनच बसावं. एका पेटीत एकच पॅक हा आमचा नियम आहे, आणि बाकीचे पॅक गॅलरीतही ठेवत नाही.

मे महिन्याबद्दल वेगळं सांगावं लागेल. दुपारी इंदुरात पारा चाळीस ओलांडतो, बंद मोटारीत त्याच्या कितीतरी वर. बहुतेक लिपोंना चार्जिंगसाठी ४५ अंशांची मर्यादा असते, आणि मैदानावरून आणलेला पॅक त्याच्या पुढे गेलेला असू शकतो. सावलीत तासभर निवू द्यायचा, फ्रीजमध्ये टाकायचा नाही. बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटतं. मे-जूनमध्ये चार्जिंग सकाळी सहा ते आठ. उलट जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला की पॅक आधी खोलीत ठेवून २० अंशांपर्यंत येऊ द्यायचा, कारण गारठलेल्या सेलमध्येही चार्ज करताना लिथियम पृष्ठभागावर साचतं. पावसाळ्यात सिपोरेक्स पाणी पितो, पेटीवर ताडपत्री घालतो आणि चार्ज करायच्या आधी आतली वाळू हाताने चाचपतो.

विमान आपटलं असेल तर तो पॅक घरात आणत नाही. आत पत्रा वाकून पडदा दबलेला असू शकतो आणि शॉर्ट काही तासांनीही होऊ शकतं. बाहेर, वाळूच्या कुंडीत चोवीस तास. त्यानंतर सेल मोजायचे. एक जरी घसरत चालला असेल तर तो पॅक पुन्हा चार्ज होत नाही.

पेटलंच तर काय, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आतला एमसीबी पाडायचा, गॅलरीचं दार लावायचं, माणसं जिन्याने खाली, १०१ ला फोन. खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही सांगितलं आहे: धूर दिसला तर वर बघायला येऊ नका, ओट्यावर सुद्धा थांबू नका. थ्री-एसचे तीन सेल एकदम जात नाहीत, मध्ये काही सेकंद किंवा मिनिटं जातात, आणि पहिला विझला म्हणून जवळ गेलेला माणूस दुसऱ्यात सापडतो. वाळू पडून पेटी आपलं काम करत असेल तर ती जळू द्यायची. आसपास पसरत असेल आणि वीज बंद असेल तर लांबून पाणी. लिपोत लिथियम धातूच्या गोळ्याच्या रूपात नसतं, त्यामुळे पाणी टाकल्यास भडका होईल ही समजूत इथे लागू नाही. पाण्याने निववायचं असतं. कोरड्या पावडरचं एबीसी सिलिंडर भोवतीच्या लाकडाची, कापडाची आग विझवायला उपयोगी, पण पॅक ते निववू शकत नाही. सगळं शांत झाल्यावरही तासभर कुणी गॅलरीत जायचं नाही, आणि मग हातमोजे घालून उरलेला गोळा पाण्याच्या बादलीत, बादली उघड्यावर एक दिवस.

दोन-तीन दिवस उडवायचं नसेल तर पॅक ३.८० ते ३.८५ वर आणून ठेवतो. चार्जरमध्ये स्टोरेज नावाचा मोड त्यासाठीच असतो. पूर्ण भरलेला पॅक उन्हाळ्यात आठवडाभर पडून राहिला की फुगतो. कनेक्टरवर टोप्या, सील नसलेला पत्र्याचा डबा, आत प्रत्येक पॅक वेगळ्या कप्प्यात.

निवृत्त पॅकला भोक पाडायचं नाही, दाबून सपाट करायचा नाही. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब कनेक्टरला जोडून पॅक पेटीत ठेवायचा, बल्ब पेटीबाहेर टाइलवर. २१ वॅटला २४ वॅट-तास म्हणजे भरलेला पॅकसुद्धा तासाभरात रिकामा होत येतो. बल्ब विझल्यावरही रात्रभर जोडून ठेवायचा, मग मीटरने शून्याजवळ आल्याची खात्री करायची. मिठाच्या पाण्यात बुडवायची पद्धत आम्ही सोडली. कनेक्टर आणि सेलच्या पट्ट्या गंजून तुटतात, आणि आत वीज तशीच राहून वरून मात्र पॅक मेल्यासारखा दिसतो. शून्यावर आलेल्या पॅकच्या तारा एकेक करून कापायच्या, टोकांना चिकटपट्टी. इंदुरात कचऱ्याच्या गाडीला इ-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, पॅक त्यातच गेला पाहिजे. सुक्या कचऱ्यात गेला तर तो पुढे दाबला जातो, आणि थोडी जरी वीज उरली असेल तर गाडीतच पेटतो. आम्ही तो पारदर्शक पिशवीत घालतो, वर ‘लिथियम बॅटरी, शून्य व्होल्ट’ असं हिंदीत लिहितो आणि गाडीवरच्या माणसाच्या हातात देतो.